परीक्षा भाडोत्रीची

स्कॉटलंडच्या अॅरन बेटासाठी बांधलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही सरकारी फेरीबोट 2017 साली थाटामाटात पाण्यात सोडली, तेव्हा पुढच्या खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या. प्रवासी चढायला 2025 उजाडलं. मधल्या काळात निभावून न्यायला ऑर्कनीतल्या खासगी कंपनीची ‘आल्फ्रेड’ ही जोडसांगाड्याची कॅटमरान भाड्यानं आणली: नऊ महिन्यांचे 90 लाख पौंड. ती मुळात बांधून झाली होती सुमारे 1 कोटी 40 लाखांत! तरी 2023 मध्ये तिची बंदरोबंदरी कसून चाचणी झाली. धक्क्याला नीट लागते का? गाड्या सुरळीत उतरतात का? भाडोत्रीला असे शंभर प्रश्न विचारावेतच. घरची ‘ग्लेन सॅनॉक्स’ मात्र नेहमीच्या आर्ड्रोसन बंदरात मावेना, तेव्हा नापास झालं ते बंदर. तिच्या प्रवाशांनी मग ट्रून बंदरात जायचं!