बिल, गिझर आणि विसण

आमच्या घरी वीजबचत म्हणजे दुसऱ्याने लावलेला दिवा मालवणे. बाबा पॅसेजमधला 9 वॅटचा एलईडी बंद करत घरभर हिंडतात, तेव्हा बाथरूममध्ये 2000 वॅटचा गिझर लाल डोळा वटारून बसलेला असतो. गिझर अर्धा तास तापला की एक युनिट. तेवढ्यात तो दिवा शंभर तासांहून जास्त चालेल. हे मी बाबांना सांगितलं.

"दिवा दिसतो," ते म्हणाले. वाद संपला.

महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, 300 नंतर आणखी. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, पण बाबा महिनाअखेरीस मीटरसमोर असे उभे राहतात, जणू 301वं युनिट दारात चपला काढतंय.

तेव्हा घरात काहीतरी बदलायचं ठरलं. मुलीने एसी सुचवला. "फाइव्ह स्टार घेऊ ना, बिल कमी येईल!" कशाच्या मानाने कमी, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही. सर्वांत कमी वीज खातो तो न घेतलेला एसी. पण त्याला हप्ते नसतात, त्यामुळे तो कुणी विकायला ठेवत नाही.

मग बीएलडीसी पंखे आले. जुना पंखा 75 वॅट खायचा, हा तिसाच्या आसपास. वायरमनने आल्या आल्या भिंतीवरचा रेग्युलेटर काढला ("याला तो चालत नाही, साहेब") आणि हातात रिमोट ठेवला. तेव्हापासून पंखा छताला आणि त्याचा वेग आईच्या उशीखाली. बायकोला पाच हवा, आईला दोन. परवा रिमोट पोळ्यांच्या डब्यात सापडला. कुणी ठेवला याचा तपास मी मुद्दाम लांबवतो आहे. "पूर्वी पंख्याला नुसती वीज लागायची," बाबा म्हणाले, "आता सेलही घाला."

खरी मेख गिझरची. टाकीभर पाणी पासष्ट अंशांवर नेऊन ठेवायचं, त्यातलं अर्धी बादली काढायचं, चटका बसतो म्हणून त्यात विसण घालायचं आणि उरलेलं टाकीत दुपारपर्यंत निवू द्यायचं. बटण मात्र चालूच, कारण "कुणाला लागलं तर?" थर्मोस्टॅट पन्नासवर आणायला दमडी पडत नाही. बहुधा म्हणूनच हा उपाय घरात कुणाला पटत नाही.

बायकोचा डोळा गच्चीवर आहे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. फक्त गच्ची आपली हवी. आमची सोसायटीची. विषय सभेत गेला. लिफ्ट आणि पंपापुरते सामायिक पॅनल बसवावेत, इथपर्यंत माना डोलल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "उन्हाळ्यात कुरडया कुठे घालायच्या?"

ठराव पावसाळ्यापर्यंत तहकूब झाला.