बऱ्हाणपूरचे मुखत्यार

कोणत्याही कचेरीत ज्याची नोंद नाही, ज्यावर मुद्रांक चिकटविलेला नाही आणि जे कोणी कोणास लिहून दिले याचा कसलाही पुरावा दफ्तरी सापडणार नाही, असे एक मुखत्यारपत्र बऱ्हाणपुरातील दर मोहल्ल्यात एखाद्या तरी सेवानिवृत्त गृहस्थाच्या खिशात असते; आणि त्याच्या बळावर तो गृहस्थ तापीच्या उत्तर तीरावरील या सुमारे सहाशे वर्षांच्या शहराचा कारभार परगावच्या पाहुण्यांपुढे स्वतःच्या सहीशिक्क्याने चालवीत असतो. हे मुखत्यार बहुधा कोर्टात नाझर, शाळेत गणिताचे मास्तर किंवा रेल्वेत मालबाबू म्हणून आयुष्य काढलेले असतात. इतिहासाचे मास्तर मात्र त्यांत क्वचितच आढळतात, कारण तीस वर्षे अकबराची राज्यव्यवस्था फळ्यावर लिहिलेल्या मनुष्यास ती फुकट सांगण्याची उमेद राहत नाही.

पाहुणा लालबागच्या स्टेशनावर उतरला की मुखत्यार त्याची ख्यालीखुशाली विचारीत नाहीत. परतीची गाडी कितीची आहे, एवढेच विचारतात. "संध्याकाळची," असे उत्तर आले की त्यांचा चेहरा अपील फेटाळल्यासारखा होतो आणि ते शांतपणे म्हणतात, "मग काय पाहणार, डोंबल?" असे म्हणून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली एक फेरिस्त ते खिशातून काढतात. तीत शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा, बोहऱ्यांची दर्गा-ए-हकीमी, शाहनवाजखानाचा मकबरा, खरबुजा महाल, राजाची छत्री आणि पलतीरावरचा आहूखाना यांचा क्रम तर असतोच, पण कोणत्या स्थळी कोणत्या प्रहरी ऊन कोणीकडून येते, कोठे जोडे काढावे लागतात आणि कोणत्या रिक्षावाल्याशी मराठीत बोलल्याने भाडे उतरते, याचाही तपशील असतो.

त्यांच्या या आस्थेच्या मुळाशी एक जुने दुःख आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज मुखत्यारांचा मुलाहिजा राखता येणार नाही. बऱ्हाणपुरात जो आला तो पुढे जाण्यासाठीच आला. दख्खनच्या स्वारीवर निघालेल्या बादशहांनी आणि शहजाद्यांनी येथे तळ दिले, दरबार भरविले, हमाम बांधले आणि कूच केले. जे मेले तेही टिकले नाहीत. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये येथे वारली, जैनाबादेत आहूखान्यात तिला मूठमाती मिळाली आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्यास रवाना झाला. पहिला निजाम १७४८ साली येथेच निवर्तला, पण त्यालाही पुरले ते खुलताबादेस. इतकेच काय, ज्या शेख बुऱ्हाणुद्दीनांच्या नावाने फारुकी सुलतानाने हे शहर वसविले, ते अवलियाही शहर वसण्यापूर्वीच खुलताबादेच्या मातीत विसावलेले होते! नेमाने येथे राहिले ते एकटे मिर्झाराजे जयसिंह. १६६७ साली दक्षिणेतून परतताना त्यांचा येथे अंत झाला, आणि म्हणून मुखत्यार त्यांच्या छत्रीकडे पाहुण्यास घेऊन जाताना, पुरंदरचा तह विसरून, त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखे बोलतात. एकदा गाडी चुकेल म्हणून घायकुतीस आलेल्या एका पाहुण्याला ते माझ्यादेखत म्हणाले, "अहो दाजी, गाडी उद्याही आहे. ताजमहाल गेला तो गेलाच ना?"

ताजमहाल येथेच व्हावयाचा होता, हा त्यांच्या फिर्यादीतील मुख्य मुद्दा. संगमरवर लांबून आणावा लागला असता, येथील मातीला वाळवी फार, अशी जी कारणे गावात सांगितली जातात, ती मुखत्यार प्रतिवादीच्या वकिलाची म्हणून ऐकून घेतात आणि पाहुण्याला हमामात नेऊन छतावरील रंगीत नक्षीतले एक विशिष्ट घुमटाकार चित्र दाखवितात. त्या चित्रात ताजमहाल दिसेपर्यंत मान खाली करण्याची परवानगी नसते. सुज्ञ पाहुणे अर्ध्या मिनिटात "दिसला, दिसला" म्हणतात.

कुंडी भंडाऱ्यापाशी मात्र मी कोणालाही हसू देणार नाही. सातपुड्याच्या उतारावरून भूगर्भात मुरणारे पाणी अडवून, शंभरावर कुंड्या एकमेकींस आतून भुयाराने जोडून, केवळ जमिनीच्या उताराच्या जोरावर ते शहरात आणण्याची ही तजवीज अब्दुल रहीम खानखानान यांच्या अमलात, १६१५ च्या सुमारास झाली. तिला ना मोट लागली ना रहाट. लिफ्ट चालू असली तर पाहुणा पिंजऱ्यात बसून सुमारे ऐंशी फूट खाली जातो. तेथे भिंतींवर चुनखडीची पांढरी पुटे चढलेली असतात आणि पायांखालून निवळशंख पाणी वाहत असते. मुखत्यारांचे गुडघे बाद असल्यामुळे ते स्वतः वरच थांबतात, परंतु पाहुणा पाण्यातून पुढच्या कुंडीखाली पोहोचतो न पोहोचतो तोच वरच्या तोंडातून आवाज येतो, "आता डावीकडे बघा! इराणी कारागिराचे काम आहे ते!" पुढच्या कुंडीशी जावे, तर मुखत्यार जमिनीवरून चालत तेथेही आधीच हजर.

याच १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो शहजादा परवेझच्या भेटीस येथे आला आणि शहजाद्याचे व खानखानानचे घर वगळता सारे गाव मातीच्या झोपड्यांचे आहे, असे लिहून गेला. मुखत्यारांनी त्याला अद्याप माफी दिलेली नाही, पण कसूर त्याच्याकडे न लावता ते एवढेच म्हणतात, "त्याच्याबरोबर गावचा माणूस नव्हता."

आता मुखत्यारकी हा गुण मातीचा की रक्ताचा, हा वाद आमच्या परिचयाच्या एका मुखत्यारांनी कायमचा निकालात काढला. त्यांची कन्या जर्मनीत हायडेलबर्ग येथे असते. तिच्याकडे उन्हाळा काढण्यास गेलेल्या या गृहस्थांनी महिन्याच्या आत तेथील मराठी मंडळींना त्यांचेच गाव दाखविण्यास प्रारंभ केला. किल्ल्यावर सकाळी जाऊ नका, नदी ओलांडून समोरच्या टेकडीवरील पायवाटेने चढा आणि किल्ला उतरत्या उन्हात तेथून पाहा. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा दूधभाजी शनिवारीच घेऊन ठेवा आणि मग निर्वेधपणे श्पायरचे देवालय पाहून या, इत्यादी. मात्र प्रत्येक सल्ल्याच्या शेपटाला बऱ्हाणपूर बांधलेले असे. किल्ल्याच्या तळघरात १७५१ सालचे, सुमारे २ लाख २० हजार लिटरचे लाकडी पिंप आहे, त्यावर त्यांचा अभिप्राय, "आमच्याकडे पाणी एवढ्या मेहनतीने आणले, यांनी दारू." तो किल्ला १६८९ आणि १६९३ साली फ्रेंचांनी उद्ध्वस्त केला, हे कळल्यावर ते मनापासून हळहळले आणि संभाजी महाराजांनी १६८१ साली बहादूरपुरा कसा लुटला, हे मात्र तितक्याच मनापासून, अभिमानाने सांगू लागले. श्वेट्सिंगेनच्या राजोद्यानात केवळ शोभेसाठी बांधलेली अठराव्या शतकातील एक मशीद आहे. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी जावयास ऐकविले, की आमच्या जामा मशिदीत नमाजही होते, आणि भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तोही तिथी-नक्षत्रासकट! जावई बिचारा नागपूरचा. त्याने मान डोलाविली.

शनिवार-रविवारच्या सहलीचा विषय निघाला म्हणजे दोन मुखत्यारांस एका ओट्यावर बसू देऊ नये. एकाचे मत असे, की शनिवारी असीरगड करावा, जो १६०१ साली अकबरास लढाईपेक्षा सोन्याच्या चाव्यांनी उघडला म्हणतात, आणि रविवारी इच्छापूरच्या देवीला जाऊन, महाराष्ट्राची हद्द ओलांडून मुक्ताईनगर आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव साधावे. दुसऱ्याचा हुकूम खंडव्यावरून ओंकारेश्वराचा. गडावर गुप्तेश्वराला पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो, यावर मात्र दोघांचे एकमत असते. मतभेद एवढाच, की तो भेटला आणि त्याने जखमेसाठी तेल मागितले तर द्यावे की देऊ नये. दोघांपैकी कोणीही शाळेच्या सहलीनंतर गड चढलेला नसतो.

खाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानावा. मुंबईत रमझानात महंमद अली रोडवर जी काळसर, जडशीळ जिलबी रांगा लावून खातात, तिचे माहेर हे. ती मावा जिलबी कढईतून निघून पाकात पडल्यावर किती वेळाने उचलावी, हे मुखत्यार घड्याळ न पाहता सांगतात, आणि दुकानदार त्यांचे ऐकतो.

गेल्या पावसाळ्यात पुण्याचे एक पाहुणे वर सांगितलेल्या मुखत्यारांकडे उतरले. परतीची गाडी त्यांनी आपण होऊनच आठ दिवसांनंतरची सांगितली. मुखत्यारांचा आनंद गगनात मावेना. "आठ दिवस? मग घाई कसली!" पहिला दिवस विश्रांतीचा ठरला. दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी एकादशी, चौथ्या दिवशी रावेरहून साडू आले. पुढे केळीच्या लिलावात एक सकाळ आणि वीज महामंडळात एक दुपार गेली. महाल गुलाऱ्याला उतावली नदी भरून वाहत होती, ती ओसरू द्यावी असे ठरले. आठव्या दिवशी सायंकाळी फलाटावर जिलबीचा पुडा पाहुण्यांच्या हाती देताना मुखत्यार कळवळून म्हणाले, "पुढल्या खेपेस असे ऐसपैस येऊ नका. चार तास काढून या, सगळे गाव दाखवतो."