पाटलांच्या लेकीचा वाडा

जुना वाडा जतन केला की पहिली पाटी लागते, 'हात लावू नये'. नगरकडच्या माणसाला हे जड जातं. कुणाच्याही ओसरीवर पाय ठेवला की 'बसा, चहा घ्या' ऐकायची त्याच्या कानाला सवय! जामखेड तालुक्यात चौंडीला माणकोजी शिंदे पाटलांच्या वाड्यात मात्र बसा म्हणायला कुणी नाही. ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवी होळकरांचा जन्म झाला तो याच पाटलांच्या घरी.

पुरुषमंडळी आत शिरल्याबरोबर भिंतीवर थाप मारतात. "असं काम आता होणे नाही," म्हणतात. यातल्या निम्म्यांनी गावाकडचा स्वतःचा वाडा पाडून वर स्लॅब टाकलेला असतो. बायकांची नजर वेगळीच फिरते. एका आजींनी विचारलं, "चूल कुठं असंल गं?" सुनेनं फलकावरच्या सनावळ्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. आजींनी शांतपणे ऐकून घेतल्या. "ते झालं. पण चूल?"

मला आजींचंच पटतं. घर बघायला यायचं आणि राज्यकारभार ऐकून जायचं, याला काय अर्थ आहे?

तसा कारभार या घरात झालाच नाही. १७३३ साली लग्न झालं तेव्हा लेक जेमतेम आठ वर्षांची. पुढं १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तिचे पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि मग महेश्वरहून तिनं १७९५ पर्यंत राज्य चालवलं, काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं. नाव झालं ते सासरी. तिची गादीसुद्धा महेश्वरच्या राजवाड्यात. माहेरच्या वाट्याला आलं ते नुसतं बालपण. पण मुलींच्या हाती पाटी न देण्याच्या त्या काळात माणकोजींनी तिला घरीच लिहावाचायला शिकवलं. या वाड्यात बघण्यासारखं काय, तर माझ्या मते हेच, आणि नेमकं तेच काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

लग्न झालं की लेकीनं माहेरचं नाव टाकायचं, ही आपल्याकडची रीत. २०२४ साली उलटंच घडलं. माहेरानंच लेकीचं नाव लावलं. अख्खा नगर जिल्हा अहिल्यानगर झाला. बोलताना आम्ही अजून 'नगरला चाललो' म्हणतो, ते सासरहून आलेल्या लेकीला घरातल्यांनी जुन्याच नावानं हाक मारावी तसं.

चौंडीला जायचं तर ३१ मे टाळा. जयंतीला एवढी माणसं लोटतात की वाडा बघायचा राहूनच जातो. एरवीच्या एखाद्या दिवशी जा, आणि घरातल्या आठ वर्षांच्या पोरीला बरोबर न्या.