होकार कोण देणार?

थंडी पडली की चित्रपट महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरात पणजीचा इफ्फी, डिसेंबरात तिरुवनंतपुरम, जानेवारीत पुण्याचा पिफ, छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ. सिनेमे उत्तम असतात, रांगा लागतात. कुठल्याही महोत्सवाला जा, दुपारी जेवणं उरकली की बाजूच्या छोट्या सभागृहात एक परिसंवाद भरतोच. विषय: ‘स्वतंत्र सिनेमापुढची आव्हानं’.

गेल्या वर्षीही हाच विषय होता. त्याच्या आदल्या वर्षीही.

आव्हानं तीच, वक्तेही बहुतेक तेच. बदलतो तो समोर बसलेला नवा दिग्दर्शक. गेल्या वर्षी त्याच खुर्चीत बसलेला कुठे गेला, हे कोणी विचारत नाही.

परिसंवाद तासाभराचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं पुष्पगुच्छ, शाल आणि परिचय. परिचयात वक्त्याचे सगळे पुरस्कार येतात. त्याच्या पहिल्या सिनेमाला पैसे कुठून आले, हे मात्र येत नाही. लोक तर तेवढंच ऐकायला आलेले असतात.

मग सल्ले सुरू. कथेशी प्रामाणिक राहा. मातीतली गोष्ट सांगा. चांगल्या कंटेंटला मरण नाही. घरातले दागिने गहाण टाकून जो रफ कटपर्यंत पोचला, त्याला प्रामाणिकपणा शिकवायचा? त्याला व्याजाचा दर विचारा. शिकायला तुम्हालाच मिळेल.

अशाच एका परिसंवादात शेवटच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. ओटीटीच्या प्रतिनिधीला त्याने सरळ विचारलं, “मोठा चेहरा नसलेला मराठी सिनेमा तुम्ही वर्षभरात किती रुपयांना घेतला?” उत्तर आलं, “ते केस टू केस असतं.” मुलगा बसला नाही. म्हणाला, “मग एखादी केस सांगा.”

सूत्रसंचालकाने चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

तो मुलगा आगाऊ नव्हता. सभागृहात कामाचा प्रश्न त्या एकट्यानेच विचारला होता.

आता पिच सेशनकडे, म्हणजे पैसे मिळावेत म्हणून निर्मात्यांसमोर आपला सिनेमा मांडण्याच्या कार्यक्रमाकडे वळू. मिनिटं सात, स्लाइड दहा. लॉगलाइन, ट्रीटमेंट, लुक बुक, बजेट. समोर पाच जाणकार, मागे प्रेक्षक, बाजूला घड्याळ. आयुष्याची चार वर्षं सात मिनिटांत मांडायची.

जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या एका मुलीचं पिच मी पाहिलं. मराठीत विचार करणारी मुलगी, पण स्लाइड इंग्रजीत, कारण अर्जात तशी अट होती. बजेटची स्लाइड आली. कॅमेऱ्याचं भाडं, युनिटचं जेवण, टेम्पो, साउंड, एडिट. सगळ्यात खाली दिग्दर्शकाचं मानधन: शून्य.

पाचांपैकी एकाने विचारलं, “बजेट आणखी कमी होईल का?”

त्या शून्यावर कोणाचं बोट गेलं नाही. त्यातून आणखी काय कमी करायचं होतं?

शेवटी सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. गोष्ट वेगळी आहे, आवाज ताजा आहे, संपर्कात राहू. हो कोणी म्हटलं नाही. नाहीसुद्धा कोणी म्हटलं नाही.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. मुलगी पाटावर बसते, नाव-गाव-शिक्षण सांगते, पाहुणे पोहे खातात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. पिच सेशन हा आपल्या महोत्सवांमधला दाखवण्याचा कार्यक्रम झाला आहे. तिकडे निदान मुलगा लग्नाचा असतो. इकडे समोर बसलेल्यांपैकी किती जणांना सही करायचा अधिकार असतो?

खरी गोम इथे आहे. निर्मितीसंस्था मधल्या फळीतला माणूस पाठवते. तो मनापासून ऐकतो, टिपणं काढतो आणि ‘मी वर बोलतो’ म्हणतो. तो वाईट नसतो. त्याच्या हातात काही नसतं, एवढंच.

मग ‘वर’ जे कोणी बसले आहेत, त्यांनाच बोलवा की!

पिच सेशनमुळे कोणाचं भलंच झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. एनएफडीसीने २००७ मध्ये गोव्यात फिल्म बाजार सुरू केला. ‘लंचबॉक्स’ आणि ‘तितली’ यांच्या वाटेत हा बाजार लागला. तिथे काय वेगळं होतं? प्रकल्प आधी वाचून निवडलेले, निर्माते आणि सेल्स एजंट यांच्याशी समोरासमोर ठरलेल्या भेटी, रफ कट बघायला परदेशी महोत्सवांचे जाणते लोक. १९८३ मध्ये सुरू झालेलं रॉटरडॅमचं सिनेमार्टही याच पद्धतीने चालतं.

मंच दिसतो, काम टेबलावर होतं. आपल्या लहान महोत्सवांनी यातला नेमका मंच उचलला.

आता होकार मिळालेल्यांकडे बघा. चैतन्य ताम्हाणे ‘कोर्ट’ लिहीत होता, तेव्हा विवेक गोंबर या अभिनेत्याने त्याला लिहिण्यासाठी दरमहा पैसे दिले आणि पुढे निर्माताही तोच झाला. रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाचं पाठबळ मिळालं. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले. लेखकाच्या घरभाड्याची काळजी कोणीतरी घेतली, म्हणून ती पटकथा लिहून झाली.

मागे जायचं तर रामदास फुटाणे यांचं उदाहरण घ्या. चित्रकला शिक्षक माणूस. त्याने ‘सामना’ची निर्मिती केली आणि १९७५ मध्ये तो सिनेमा बर्लिनला पोचला. शिक्षकाने धाडस केलं म्हणून तेंडुलकर, जब्बार पटेल, निळू फुले आणि लागू एका सिनेमासाठी एकत्र आले. त्या वेळी गावोगावी पिच सेशनं नव्हती. पैसे घालणारा मात्र होता.

गोव्याचं पाहा. बार्ड्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा लोकांच्या पैशातून उभा राहिला. थिएटरवाल्यांच्या मर्जीवर न थांबता त्यांनी तो सभागृहांमध्ये तिकीट लावून दाखवला, तियात्र या कोंकणी नाटकांचे खेळ लागतात तसा. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. वितरणावर बोलायला हा माणूस हवा. तिकीटविक्री कशी बसवली, सभागृहाचं भाडं काय पडलं, किती खेळांनंतर पैसे सुटले, हे तो सांगू शकेल.

वितरण या शब्दापाशी आपले परिसंवाद हमखास गुळमुळीत होतात. म्हणून थोडा हिशोब मांडू.

तिकीट २०० रुपयांचं धरा. १८ टक्के जीएसटी गेला की १७० च्या आसपास उरतात. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात भांडण झालं आणि वाटणीचं सूत्र ठरलं: निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. छोट्या मराठी सिनेमाला यापेक्षा चांगला भाव मिळेल, असं मानायला काही आधार नाही. म्हणजे उरले ८५ रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचे आकार, पोस्टर आणि जाहिरात.

उरलेल्यात कर्ज फेडायचं. सकाळी साडेनऊच्या शोवर.

आणि दुसरा आठवडा? तो छोट्या सिनेमाला दिसतो कुठे? शुक्रवारी लागलेला सिनेमा सोमवारी उतरलेला असतो. हे कोष्टक फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात. मग आम्ही ‘प्रेक्षक बदलतोय’ हे पाऊण तास का ऐकायचं?

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइम राखायला सांगितलं. आधी घोषणा झाली संध्याकाळी ६ ते ९ ची. ओरड झाली आणि वेळ १२ ते ९ झाली. नोकरदार माणसासाठी दुपारी बाराचा शो प्राइम टाइम कधीपासून झाला?

राज्याचं अनुदान आहेच. दर्जेदार सिनेमाला ‘अ’ श्रेणीत ४० लाख, ‘ब’ श्रेणीत ३० लाख, हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. योजना चांगली आहे, तिने अनेकांना हात दिला आहे. पण हे पैसे येतात सिनेमा पूर्ण करून, सेन्सॉर करून, परीक्षण झाल्यावर. ज्याच्याकडे सिनेमा पूर्ण करायला पैसे आहेत, त्याला ते मिळतात. ज्याच्याकडे पहिल्या दिवसाच्या शूटिंगचे नाहीत, त्याने काय करायचं?

त्याने केरळात जन्म घ्यायचा होता का? तिथे राज्याचं चित्रपट विकास महामंडळ स्त्री दिग्दर्शकांच्या आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या दिग्दर्शकांच्या पटकथा निवडतं आणि दीड कोटी रुपयांपर्यंत खर्च करून स्वतः निर्माता होतं. अंमलबजावणीवरून तिथेही वाद होतात. पण ते वाद तयार झालेल्या सिनेमांवर होतात.

आपलं महामंडळही आहेच, चित्रनगरीही आहे. चित्रीकरणाआधी पटकथेवर पैसे लावायची तयारी आहे का, एवढंच सांगा.

२०१६ मध्ये राज्य सरकारने ‘रिंगण’, ‘हलाल’ आणि ‘वक्रतुंड महाकाय’ हे सिनेमे कानच्या बाजारात पाठवले आणि एक प्रथा पडली. पाऊल योग्यच होतं. आता त्यापुढचं सांगा. इतक्या वर्षांत कान गाठलेल्या सिनेमांपैकी किती विकले गेले? कुठल्या देशात? रोज कोणाशी किती भेटी झाल्या? एक तक्ता करून लावा. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला विमानाच्या तिकिटाइतकाच त्याचाही उपयोग होईल.

जगात मराठी सिनेमाला मान आहे, हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही. ‘स्थळ’ने सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोत नेटपॅक पुरस्कार घेतला. महाराष्ट्रातल्या थिएटरात तो कधी लागला? ७ मार्च २०२५ ला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावातली गोष्ट टोरांटोला आधी पोचली. चंद्रपूरला दीड वर्षाने.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथाचित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार जिंकला. सप्टेंबरात तो देशात प्रदर्शित झाला तो राणा दग्गुबाती यांच्या हैदराबादच्या कंपनीच्या पुढाकाराने. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण वितरणावर इतकं बोलणाऱ्या पुण्या-मुंबईतून असा वितरक का उभा राहत नाही, हा प्रश्न बोचायला हवा. तो कोणत्या परिसंवादाचा विषय आहे?

आयोजक म्हणतील, लहान महोत्सवांना पैसे नसतात, प्रायोजक मिळवताना जीव जातो. मान्य. स्वयंसेवक मुलं रात्रभर राबतात, हेही दिसतं. पण मी जे मागतोय त्याला पैसे लागत नाहीत. हिंमत लागते.

पहिली गोष्ट: होकार द्यायचा अधिकार असलेला एक तरी माणूस पिचसमोर बसवा. पाच सल्लागारांपेक्षा सही करणारा एक पुरे. तो मिळत नसेल तर त्या कार्यक्रमाला पटकथा मार्गदर्शन म्हणा. मार्गदर्शन ही मोलाची गोष्ट आहे, फक्त तिला बाजाराचं नाव देऊन अर्जाचं शुल्क घेऊ नका.

दुसरी: महिनाभरात लेखी उत्तर द्या. नकार असेल तर नकार लिहा. नकार मिळालेला माणूस दुसरं दार ठोठावतो. ‘संपर्कात राहू’ ऐकलेला सहा महिने फोनकडे बघत बसतो. वाटाण्याच्या अक्षता लावायच्याच असतील, तर निदान वेळेवर लावा.

तिसरी: गेल्या वर्षीच्या पिचचं काय झालं, ते दारातल्या फलकावर लावा. किती प्रकल्प आले, किती जणांना पैसे मिळाले, किती शूटिंगला गेले, किती प्रदर्शित झाले. चारच रकाने.

रकाने रिकामे राहिले तर? राहू देत. तेवढं खरं बोलणारा महोत्सव निदान पुढच्या वर्षी वेगळा वागेल.

‘पण नेटवर्किंग होतं ना,’ असं कोणीतरी म्हणेलच. होतं. कार्डं वाटली जातात, फोटो निघतात. कॅमेरा भाड्याने देणारा मात्र अजून रोखच मागतो.

यात नुकसान कोणाचं? मुंबईत घर असलेला पोरगा दोन वर्षं थांबू शकतो. परभणीहून, सिंधुदुर्गातून, गडचिरोलीहून आलेली मुलगी थांबू शकत नाही. ती परत जाते, शिकवण्या घेते, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करते. आपण तिची गोष्ट कायमची गमावतो. आणि पुढच्या हिवाळ्यात ‘नवे आवाज कुठे आहेत?’ यावर परिसंवाद ठेवतो.

ते आवाज आले होते. सात मिनिटं बोलले. त्यांना उत्तर मिळालं नाही.

तेव्हा यंदा महोत्सवाला गेलात, परिसंवाद संपला आणि ‘एकच प्रश्न घेऊ’ असं कोणी म्हणालं, तर माईक मागून घ्या. एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी इथे पिच केलेल्यांपैकी किती जणांना पैसे मिळाले?

आकडा आल्याशिवाय माईक परत देऊ नका.