भाऊंचा कोन

चौकात नवा फ्लेक्स लागला की आम्ही भाऊंचा चेहरा नंतर बघतो, आधी अक्षरांचा कल बघतो. 'कार्यसम्राट' ही पदवी सरळ उभ्या अक्षरांत आजवर कुणी घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. ती ठळक हवी, तिरकी हवी, भोवती पिवळी कड हवी, मागे सावली हवी. वॉर्डातल्या इच्छुकाला थोडा कल पुरतो; 'भावी आमदार' मात्र इतका झुकतो की शिरोरेषेला लोंबकळून प्रवास करतोय असे वाटते. अक्षर धावले म्हणजे नेतृत्व धावले. फ्लेक्सखालचा खड्डा तेवढा जागचा हलत नाही.

तिरक्या अक्षराचे खानदान खरे तर मोठे सोज्वळ. 1501 साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने व्हर्जिलचे छोटेखानी पुस्तक छापले, त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने हस्ताक्षराच्या वळणाचे हे खिळे कोरले. त्यातही कॅपिटल अक्षरे ताठ उभीच होती. थोरामोठ्यांना वाकवायची रीत तेव्हा नसावी. तिथे अख्खा व्हर्जिल हातात मावला. इथे भाऊंचे नुसते नाव वीस फुटांत मावत नाही.

देवनागरीत असे वेगळे कोरलेले तिरके वळण क्वचितच सापडते. मग फ्लेक्सवाला पोरगा कोरलमध्ये सरळ अक्षराला एका बाजूने ढकलतो. काना कलंडतो, शिरोरेषा आडवीच राहते. पुरेसे जाड दिसत नाही म्हणून तो भोवती आणखी एक जाड रेघ चढवतो, आणि 'ज्येष्ठ'मधला ष्ठ बुजून काळा ठिपका होतो. जाडीला आमचा विरोध नाही. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' हा फॉन्ट भाऊंच्या अंगलटीचाच आहे. पण त्यात अक्षराच्या पोटातल्या फटी मुद्दाम राखल्यात, म्हणून तो वाचता येतो. कमल शेडगे मराठी नाटकांची नावे हाताने रेखाटत, तेव्हा अक्षर कुठे वाकायचे हे नाटक ठरवी. आता ते निवडणूक ठरवते.

कायदाही इथे थिटा पडतो. 2022च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरचे मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असे बजावले. कोनाबद्दल अवाक्षर नाही. शासनाने आता पदनिहाय कोन जाहीर करावेत: शाखाप्रमुख पाच अंश, नगरसेवक दहा, आमदार वीस. मंत्र्यांनी सरळ आडवे व्हावे.

तोवर तमाम शुभेच्छुकांना एकच विनंती. छपाईला टाकण्याआधी फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून वाचता येतो का ते बघा. येत नसेल, तर कल काढा आणि कड पुसा. तरीही गिचमीड वाटली, तर खालचे चाळीस फोटो उतरवा.