गजराजांची एंट्री

रात्री ट्रक अडवणाऱ्यांची आपल्या देशात वानवा नाही. आरटीओचं फिरतं पथक असतं, पोलिसांची जीप असते, टोलनाका असतो, वर्गणीचं पुस्तक घेऊन आडवं आलेलं उत्सव मंडळ असतं. यातल्या बहुतेकांना गाडीत काय भरलंय यात फारसा रस नसतो. ड्रायव्हरच्या खिशात काय आहे यात असतो. तमिळनाडूतल्या हसनूरजवळ मात्र एक साहेब असे उभे राहतात, की ते रोकडीला सोंडही लावत नाहीत. त्यांना ऊस लागतो. वजन चारेक टन, गणवेश करडा, पावती नाही. पुढच्या वळणावर त्यांचे भाऊबंद उभे असले तर तिथे पुन्हा एंट्री, म्हणजे चिरीमिरी, द्यावी लागते, एवढा एक नियम त्यांनी माणसांच्या खात्यांकडून उचललेला दिसतो.

बंगळूरहून कोईमतूरकडे जाणारा 948 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सत्यमंगलम व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जातो. ताळवाडी आणि चामराजनगर भागातला ऊस याच रस्त्याने, 27 नागमोडी वळणांचा धिंबम घाट उतरून सत्यमंगलमच्या साखर कारखान्याकडे येतो. फड वर, गाळप खाली आणि मधे जंगल. हत्ती रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. ट्रक थांबतो. सोंड मालाची तपासणी करते, एक मोळी खाली येते, मग दुसरी. कधी हत्तीण पिल्लाला घेऊन येते, म्हणजे प्रशिक्षणार्थीही सोबत. क्लीनर वर चढून चार-दोन कांडी बाजूला भिरकावतो, साहेब तिकडे वळतात आणि गाडी सुटते. आपल्या साखरपट्ट्यात लहानपणी ट्रॉलीमागे धावून ऊस ओढला नाही असा माणूस विरळा. पण पोरांना ट्रॉलीमागे धावावं लागायचं, इथे ट्रॉलीच थांबते.

साहेबांना ही सवय लागली कशी, याची कथा सरकारी फाइलीत शोभावी अशी आहे. उसाचे ट्रक पासिंगपेक्षा जास्त भरायचे, हा व्यवसायाचा मूळ धर्म. त्याला आळा म्हणून करापल्लमच्या तपासणी नाक्यावर उंची मोजणारी कमान आली. कमानीखालून जायचं तर जादा ऊस काढायला हवा. तो काढून टाकायचा कुठे? रस्त्याच्या कडेला. कडेला काय? जंगल. थोडक्यात, ओव्हरलोडिंग रोखण्यासाठी शासनाने हत्तींची खानावळ उघडली आणि मग हत्ती जेवायला येतात म्हणून चिंता व्यक्त केली. पुढची पायरी ओघानेच आली. ऊस फेकणाऱ्या ड्रायव्हरवर वनखात्याचा दंड. खाऊ घातलं तर वनखातं धरतं, नाही घातलं तर हत्ती धरतो.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. कायदा असंही म्हणतो की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडू नये. हे वाक्य देशातल्या किती नाक्यांवर वाचलं गेलं असेल ते सोडा. हसनूरच्या हत्तीने न वाचताच त्याची अंमलबजावणी सुरू केली. अर्थात त्याचा वेग सरकारीच. दिवसाचा सगळा आहार दीडेकशे किलो धरला, तर एक जादा टन रिचवायला त्याला आठवडा लागेल.

थायलंडच्या चाचोएंगसाओ प्रांतातही 3259 क्रमांकाच्या रस्त्यावर उसाचे ट्रक असेच अडवले जातात. तिथले हत्ती सत्यमंगलमला अभ्यास दौऱ्यावर येऊन गेल्याची नोंद नाही. असे दौरे फक्त लोकप्रतिनिधींनाच लागतात.

सत्यमंगलमचं जंगल एकेकाळी वीरप्पनचं होतं. तो हत्ती मारून सुळे विकायचा. ऑक्टोबर 2004 मध्ये तो मारला गेला. प्राण्यांना चिरडणारे ट्रक मात्र येतच राहिले. ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे, पण गणित बघा. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. समोरून येणारा अप्पर लावून डोळे दिपवतो, आणि ते पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत गाडी बरंच अंतर तोडून गेलेली असते. त्या अंतरात डांबराच्याच रंगाचा टनभर वजनाचा गवा उभा असला, तर तो दिसतो तेव्हा ब्रेक ही औपचारिकता उरलेली असते. भाडं खेपेवर ठरतं, उशीर झाला तर कापलं जातं, आणि ‘वन्यप्राणी मार्ग, वाहने सावकाश चालवा’ हा फलक मालकाच्या व्हॉट्सॲप संदेशापुढे अगदीच मिळमिळीत वाटतो. वनखात्याचा सल्ला असा की हत्ती दिसला तर हॉर्न वाजवू नका, दिव्यांची उघडझाप करू नका, लांब थांबा आणि त्याला जाऊ द्या. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 मध्ये ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली होती. ती पाटी आजही निर्धास्त फिरते आहे. हत्तीला वाचता येत नाही हे तिचं नशीब.

मग न्यायालयं मध्ये पडतात. कर्नाटकात बांदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे; रुग्णवाहिका आणि मोजक्या बसगाड्यांना तेवढी सूट. धिंबम घाटाला फेब्रुवारी 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रात्रीचं कुलूप लावलं. दोन्हीकडे संताप उसळला. बांदीपूरच्या बंदीविरोधात 2019 साली वायनाडमधल्या सुलतान बत्तेरीला तरुण उपोषणाला बसले, राहुल गांधी भेटून आले. हत्तींच्या बाजूने कोणी उपोषणाला बसलं नाही. दीडशे किलोंचा आहार असणाऱ्यांना ते परवडणारही नाही.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग काढला, तोही भांडूनच. नागपूरहून शिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा म्हटल्यावर बरीच वर्षं कोर्टकज्जे चालले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला गेला; त्यातला सर्वांत लांब भुयारी मार्ग 750 मीटरचा. वर ट्रक, खाली जंगल. वाघाला हे कोण समजावणार, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये कॅमेरे लावले तर अठरा जातींचे प्राणी जाताना दिसले, त्यात अकरा वेगवेगळे वाघ 89 वेळा. कोणी चुकीच्या बाजूने आलं नाही, कोणी दुभाजक फोडून स्वतःचं वळण केलं नाही. या महामार्गावरचे सर्वांत शिस्तीचे प्रवासी खालूनच जातात.

ही सोय बोर प्रकल्पाच्या बाजीरावाच्या नशिबी नव्हती. तो धिप्पाड वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ रात्री वाहनाच्या धडकेत मेला. आणि समृद्धी महामार्गावर प्राण्यांसाठी पूल बांधायला घेतले, तेव्हा एप्रिल 2022 मध्ये, उद्घाटनाचा मुहूर्त काही दिवसांवर असताना, नागपूरजवळच्या एका पुलाची कमानच ढासळली. मुहूर्त पुढे गेला. अजून एकही वाघ त्यावर चढला नव्हता, त्यामुळे ठपका प्राण्यांवर ठेवायची सोयही राहिली नाही.

आता राहिला हत्ती. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात. कोल्हापूरच्या चंदगड, आजऱ्यातही टस्कर उसात शिरतो. इकडे तो अजून फडात जाऊन खातो, म्हणजे तोडणीचे कष्ट स्वतः घेतो. हसनूरच्या भाऊबंदांसारखी तोडलेल्या उसाची गाडी दारात आणवून घेण्याची युक्ती त्याला सुचलेली नाही. बाकी तयारी इथे चोख आहे. हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, पुढे स्पीकरवर गाणी इतक्या जोरात की शेजारून रेल्वे गेली तरी ड्रायव्हरला कळू नये. मागच्या ट्रेलरमधून टस्कराने दोन मोळ्या ओढल्या, तर ते लक्षात येईल थेट काट्यावर. आणि काट्यावर दाखवलेली घट हत्तीने केली की कारखान्याने, हे ठरवायला पुन्हा एक चौकशी समिती बसवावी लागेल.