प्रति, क्लेब्सिएलाराव, मुक्काम पोस्ट कुणाचंही रक्त

क्लेब्सिएलाराव,

सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच, हात साबणाने धुऊन.

आपल्या चवीला दाद द्यावी लागते. जगात खायला इतकं पडलेलं असताना आपल्याला हवं असतं लोह, आणि तेही तान्ह्या बाळाच्या रक्तातलं. देशभरातल्या नवजात बालकांच्या कक्षांत जंतुसंसर्ग झाला की संशयित जंतूंच्या यादीत आपलं नाव वरच्या ओळीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 69 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. ही झाली राज्याची सरासरी. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, जिथे दिवाळी उरकली की अख्खं घर वीटभट्टीवर निघतं, तिथे काय असेल ते आपणच ओळखा. चोरी करायचीच तर निदान घर बघून करावी.

तरी कसब मानलं पाहिजे. आमचं शरीर लोह मोकळं ठेवतच नाही, रक्तातल्या प्रथिनांत कुलूपबंद करतं. आपण एंटरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडता. त्याची लोहावरची पकड इतकी जबर, की कुलपातला माल हिसकावून तो आपल्या दाराशी आणून टाकतो. शरीराने त्या रेणूलाच धरणारं लिपोकॅलिन काढलं, तर आपल्यातल्या काही भाऊबंदांनी रेणूवर साखर चढवून त्यालाही गुंगारा दिला. एवढी अक्कल आमच्या पुरवठा खात्याकडे असती तर!

या खोडीमुळे दवाखान्यात काय चालतं, ते ऐका. तीव्र कुपोषित मूल दाखल होतं. पापण्यांची आतली कड पांढरी, तळहात पांढरे. आशाताईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या खाल्लेली त्याची आई विचारते, याला रक्तवाढीचं औषध का देत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे डॉक्टर सुरुवातीला लोह देत नाहीत. आधी प्रतिजैविक, थोडं थोडं दुधाचं खाणं. भूक परतली, वजन चढू लागलं की मगच लोह. का, तर घाईने वाढलेल्या त्या ताटावर मुलाच्या आधी आपण आणि आपली बिरादरी बसेल! रक्त नसलेल्या पोराला रक्ताचं औषध रोखून धरायला लावलंत, याबद्दल आपला जाहीर सत्कारच व्हायला हवा.

आता वाईट बातमी. आपल्या हावरटपणावर जपानच्या शिओनोगी कंपनीने सेफिडेरोकॉल नावाचं औषध बेतलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. या औषधाला लोह पकडणारा एक हात जोडलेला आहे. आपण लोह आलं म्हणून दार उघडता, स्वतःच्या खर्चाने त्याला आत ओढून घेता आणि मग ते आपली भिंत बांधणारं प्रथिनच निकामी करतं. पूतनामावशी या वेळी बाळाच्या बाजूने आली आहे. ही युक्ती अगदी नवी नाही. स्पेनमध्ये 1969 साली सापडलेलं फॉस्फोमायसिन आपल्या साखरेच्या दारातून शिरतं. क्षयाच्या जंतूला सायक्लोसेरीन ॲलानिन या अमिनो आम्लाच्या वाटेने गाठतं.

आपण गप्प बसणार नाही, हेही ठाऊक आहे. औषध घेणारं लोहाचं दारच कायमचं लिंपून टाकणारे काही वाण सापडलेत. औषध फोडणारं एनडीएम नावाचं विकर बाळगणारे आहेत ते वेगळेच. उपाशी राहीन पण मरणार नाही, असा हा बाणा.

आणि खरं सांगायचं तर आपल्याला घाबरायची घाईही नाही. त्या परवानगीत फक्त प्रौढ होते. मुलांवरच्या चाचण्या नंतर हाती घेतल्या गेल्या. मावशी निघाली आहे, पण बाळापर्यंत पोचायची आहे. शिवाय आधी रक्तात आपण आहात हे कळायला हवं. त्यासाठी नमुना वाढवून बघणारी प्रयोगशाळा हवी, ती चालवणारं माणूस हवं. जव्हारहून नाशिक 80 किलोमीटर, वाटेत घाट. आपल्याला मात्र कुठली गाडी लागत नाही.

मला राग येतो तो याचाच. आपल्या भुकेचा अभ्यास इतका बारीक झालाय की कुठला घास कुठल्या दाराने आत जातो, तेही लिहून ठेवलंय. दारांना नावं दिली आहेत. आणि आमच्या मुलांची भूक? जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुलं कुपोषणाने दगावली ती 1992 साली. तेव्हापासून त्यांच्या भुकेची नोंद होते ती वजनकाट्यावर आणि श्रेणीच्या रकान्यात. घास पाड्यापर्यंत कुठल्या वाटेने जातो आणि कुठे गळतो, याचा नकाशा काढायला कुणा जपानी कंपनीची गरज नव्हती. इथल्याच वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला कसं न्यायचं, ते मात्र आम्हाला बरोबर जमलं.

असो. आपण पाहुणे, आपल्यापुढे घरचं गाऱ्हाणं कशाला? पान मांडायला उशीर होतोय, एवढं कबूल. पण वाढप ठरलेलं आहे: प्रौढांना दर 8 तासांनी 2 ग्रॅम, शिरेतून, 3 तास सावकाश. लोह लावूनच वाढू. जेवल्याशिवाय जाऊ नये.

आपला अहितचिंतक,
एक रक्तवाला